वाचनालयाचं वेबपान: कोऱ्या फाइलपासून

वेबपान करायला शिकायचंय म्हणून माझ्याकडे जे कुणी येतात, त्यांतले बरेच जण बसता बसताच विचारतात, "ताई, टेम्प्लेट कुठलं घ्यायचं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठलंच नाही. आधी वही काढा आणि लिहा: पानावर कोण येणार आणि त्याला काय हवंय.

मी मूळची डीटीपीवाली. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, सगळं लावलंय. डीटीपीत पान आपल्या मुठीत असतं. कागदाचा आकार ठरलेला, समास ठरलेला, ओळ कुठे तुटणार तेही मीच ठरवणार. वेबवर आलं की हे राज्य खालसा होतं. तुमचं पान कुणी चिरा गेलेल्या फोनवर उन्हात उभं राहून बघेल, कुणी ऑफिसातल्या रुंद स्क्रीनवर, कुणी अक्षरं दुप्पट मोठी करून, आणि कुणी डोळ्यांनी बघणारच नाही, कानाने ऐकेल. म्हणून वेबपान लावत बसायचं नसतं. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, एवढं यंत्राला नीट सांगायचं आणि मांडणीचा हट्ट बराचसा सोडायचा. पुढे जे सांगणार आहे ते सगळं ह्यातूनच निघतं.

शिकवताना मी एक खरं काम समोर ठेवते. कराडजवळच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं पान आम्ही केलं, तेच इथे घेते. एकच पान, पैसे शून्य, साधनं म्हणाल तर एक जुना लॅपटॉप आणि नोटपॅड.

मजकूर, आणि त्याचा क्रम

ग्रंथपाल काकांनी पानासाठी मजकूर दिला तो असा: संस्थेचा इतिहास, संस्थापकांचा फोटो, अध्यक्षांचं मनोगत, विश्वस्त मंडळ, मिळालेले पुरस्कार, ग्रंथसंपदा, वर्गणीचे नियम आणि तळाशी वेळ. अहवालासाठी हा क्रम झकास. पण पान उघडणारा माणूस अध्यक्षांचं मनोगत वाचायला आलेला नसतो. आज उघडं आहे का, किती वाजेपर्यंत, वर्गणी किती, अनामत किती, दिवाळी अंकांची योजना सुरू झाली का, ह्या पाच प्रश्नांसाठी तो आलेला असतो. आम्ही दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांचे प्रश्न वहीत टिपले आणि जो जास्त वेळा आला तो वर घेतला. काकांची समजूत काढायला चहा लागला, पण वेळ वर गेली आणि इतिहास खाली आला.

मग वाक्यं. मूळ कागदावर होतं: "वाचनालयाची वेळ पुढीलप्रमाणे राहील याची सर्व सन्माननीय सभासदांनी कृपया नोंद घ्यावी." पानावर गेलं: "सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ४ ते ८. सोमवारी बंद." नोटिशीची भाषा फलकावर शोभते, फोनवर ती वाचणाऱ्याचा अंगठा दमवते. "आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत" हे वाक्य तर बघताक्षणी उडवा. आणि "हे पान लवकरच येत आहे" असं लिहिलेला रिकामा विभाग ठेवू नका. मजकूर आला की विभाग जोडा, तोवर तो नाहीच.

हा सगळा मजकूर आधी साध्या टेक्स्टमध्ये, वरून खाली वाचत गेलं की अर्थ लागेल असा लिहून काढा. तो तसा उभा राहिला नाही, तर रंग आणि बॅनर लावून उभा राहणार नाही.

कोरी फाइल

नोटपॅड उघडा. फाइलचं नाव इंडेक्स, पुढे टिंब आणि एचटीएमएल, सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत. एचटीएमएल म्हणजे पानाची रचना ब्राउझरला सांगायची भाषा. (टॅग म्हणजे हा मथळा, हा परिच्छेद असं सांगणाऱ्या खुणा. त्यांची नावं मी इथे देवनागरीत देतेय. फाइलमध्ये ती इंग्रजीत, कोनी कंसांत टाकायची.) सेव्ह करताना एन्कोडिंगच्या खणात यूटीएफ-८, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिपी साठवणारी पद्धत, आहे ना ते बघा. २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये ते आपोआप असतं. त्याआधीचं नोटपॅड "अँसी" ही जुनी पद्धत धरायचं आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लावायचं.

सगळ्यात वर डॉकटाइपची ओळ, पान आजच्या नियमांचं आहे असं सांगणारी. ती नसली तर ब्राउझर पान नव्वदच्या दशकातलं समजून जुन्या, विचित्र नियमांनी दाखवतो. त्याखाली एचटीएमएल हा टॅग आणि त्यातच लँग बरोबर एमआर. एमआर म्हणजे मराठी. ह्या दोन अक्षरांवर पुढे बोलायचंय.

मग हेड, म्हणजे ब्राउझरसाठीची, पानावर न दिसणारी माहिती. त्यात तीन गोष्टी हव्यातच. पहिली कॅरसेटची ओळ, यूटीएफ-८ सांगणारी. ही फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत संपली पाहिजे असा एचटीएमएलचा नियम आहे, म्हणून ती हेडमध्ये अगदी वर टाका. ती नसली तर काही ठिकाणी तुमच्या मराठीच्या जागी फ्रेंच वळणाची, डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं उमटतात. दुसरी व्ह्यूपोर्टची ओळ. ही कुठून आली ते कळलं की विसरली जात नाही. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा जगातली पानं मोठ्या स्क्रीनसाठी केलेली होती. ॲपलच्या ब्राउझरने युक्ती केली: फोन छोटा असला तरी पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरायचं आणि सगळं आक्रसून दाखवायचं. ज्याला तसं नको त्याने व्ह्यूपोर्टची ओळ लिहून सांगायचं की बाबा, यंत्राची रुंदी आहे तीच धर. आजही ही ओळ राहून गेली की पान फोनवर मुंगीएवढ्या अक्षरांत उघडतं. तिसरी टायटल. ब्राउझरच्या टॅबवर आणि गूगलच्या निकालात बहुधा हेच दिसतं, म्हणून "होम" किंवा "मुखपृष्ठ" लिहून ते वाया घालवू नका. वाचनालयाचं नाव, गाव, तालुका.

त्यानंतर बॉडी, म्हणजे पानावर दिसणारा मजकूर. एच वन हा सगळ्यात वरच्या दर्जाचा मथळा. तो एकच, वाचनालयाच्या नावासाठी. "वेळ", "वर्गणी आणि अनामत", "दिवाळी अंक", "पत्ता" ही एच टू. वर्गणीखाली बालविभागाचा वेगळा तुकडा असेल तर तो एच थ्री. परिच्छेदाला पी, यादीला यूएल आणि एलआय. पहिल्या दिवसाला एवढे टॅग पुरतात.

इथे डीटीपीवाल्यांची सवय आडवी येते. त्यांना मोठं अक्षर हवं असलं की ते एच वन घेतात आणि एच थ्री नाजूक दिसतं म्हणून तळटिपेला लावतात. अक्षराचा आकार नंतर सीएसएसमध्ये, म्हणजे पान दिसावं कसं ते सांगणाऱ्या भाषेत, कसाही करता येतो. हा टॅग म्हणजे दर्जा आहे. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही असा माणूस फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी अँड्रॉइडमधली सोय) लावून पान ऐकतो तेव्हा तो एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उड्या मारत जातो. मथळे नुसतेच ठळक केलेले परिच्छेद असतील तर त्याला पानभर मजकूर पहिल्या ओळीपासून ऐकत बसावा लागतो. वाचनालयात ब्रेल आणि बोलकी पुस्तकं ठेवायची आणि पान मात्र असं करायचं, ह्याला काय म्हणावं!

दुव्यांचंही तेच. "वर्गणीसाठी इथे क्लिक करा" असं लिहून "इथे" एवढ्या शब्दाला दुवा देऊ नका. दुवे ऐकत जाणाऱ्याला "इथे, इथे, इथे" एवढंच ऐकू येतं, आणि बघणाऱ्यालाही अंगठ्याएवढा शब्द टिपावा लागतो. "सभासद अर्जाचा नमुना" ह्या शब्दांनाच दुवा द्या. फोन नंबर दाबला की फोन लागला पाहिजे, त्यासाठी दुव्यात टेल, मग अधिक एक्क्याण्णव आणि नंबर. पानावर नंबर देवनागरी अंकांत दाखवा हवा तर, पण दुव्याच्या पोटात तो इंग्रजी अंकांतच असू द्या.

शिकायचा दुसरा रस्ता म्हणजे दुसऱ्याचं पान उघडून कंट्रोल आणि यू दाबणं. पानाचा कच्चा मजकूर समोर येतो. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न ह्या संशोधन संस्थेत वेब उभं केलं, आणि त्यांच्या पहिल्या पानाची प्रत सर्नने २०१३ मध्ये जुन्या पत्त्यावर परत ठेवली. ते पान उघडून आतला मजकूर बघा. मथळा, परिच्छेद, दुवे, बस्स. नव्वदीच्या सुरुवातीला लिहिलेलं ते पान आजच्या फोनवरही विनातक्रार उघडतं. अक्षरं तेवढी बारीक दिसतात. का, ते तुम्हाला आता सांगता येईल.

मराठी म्हणून जी पथ्यं पाळायची

इंग्रजीतून शिकवणाऱ्या धड्यांत हा भाग नसतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी जुना मजकूर. वाचनालयाचा इतिहास पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेत होता आणि स्मरणिका श्रीलिपीत. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी ह्या पद्धतीच्या फाँटांत आम्ही वर्षानुवर्षं काम केलं, पण तिथे मराठी अक्षर हे नुसतं चित्र असतं. फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वर फाँट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. वेबवर चिकटवलं की वेष गळून पडतो आणि अगम्य खिचडी उरते. परिवर्तक फुकट मिळतात, त्यातून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आणा, पण आणलेला मजकूर तसाच चढवू नका. तीन जागा हटकून बिघडतात. ऱ्हस्व वेलांटी, कारण जुन्या फाँटांत ती अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफार, कारण त्याचं नेमकं उलटं. आणि जोडाक्षरं, खासकरून "क्ष", "ज्ञ", "द्ध", "ह्म". "सार्वजनिक" ह्या एका शब्दात वेलांटीही आहे आणि रफारही. परिवर्तन झालं की आधी हाच शब्द शोधून बघते. तो बरोबर आला तर पुढे आशा आहे. तरीही प्रूफ शब्द न् शब्द वाचायचंच, ते टळत नाही.

आता "ॲ". "ॲप", "ॲड्रेस" लिहिताना काही जण आधी "अ" टाकून त्यावर चंद्र चढवतात. त्यांच्या स्क्रीनवर ते बरं दिसतं, दुसऱ्याच्या फोनवर मधेच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. युनिकोडमध्ये २००८ पासून "ॲ" हे एकसंध अक्षर आहे. गूगलच्या जीबोर्डवर आणि मराठीच्या नव्या कळफलकांवर ते मिळतं. तेच वापरा.

मग ते लँग बरोबर एमआर. टेम्प्लेट घेतलं की तिथे इंग्रजीचं ईएन असतं आणि ते बदलायचं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते दिसतच नाही. मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ह्या खुणेवरून आवाज निवडतं. खूण इंग्रजीची असली की ते इंग्रजी आवाज घेऊन मराठीवर तुटून पडतं, किंवा मजकूर चक्क गाळतं. दुसरा परिणाम डोळ्यांना दिसतो. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदीत दंडाचा ल चालतो आणि श गाठीचा. काही चांगल्या फाँटांत दोन्ही वळणं भरलेली असतात आणि भाषेची खूण बघून फाँट वळण बदलतो. नोटो सान्स देवनागरी असं करतो. खूण नसेल तर तुमच्या "शाळा" आणि "लाल" ह्या शब्दांना हिंदी वळण येतं आणि कोपऱ्यावरच्या सेवानिवृत्त गुरुजींचा फोन येतो.

फाँट मुळात घालायलाच हवा असंही नाही. अँड्रॉइड फोनवर बहुधा नोटो, आठनंतरच्या विंडोजवर निर्मला, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी, म्हणजे देवनागरी फाँट जवळपास प्रत्येकाकडे असतो. वेगळा हवाच असेल तर मुंबईच्या "एक टाइप" ह्या फाँट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता मजकुराला छान, त्यांचाच बालू मोठ्या मथळ्याला. छापील पुस्तकाचं वळण आवडत असेल तर टिरो देवनागरी मराठी. सगळे फुकट. पण प्रत्येक वजन (अक्षराची जाडी) ही बहुधा वेगळी फाइल असते आणि वाचणाऱ्याच्या डेटातून उतरते. साधं आणि ठळक ही दोन वजनं घ्या. ठळक वजन न घेता मजकूर ठळक केला तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो आणि "ष्ठ", "द्ध्य" यांची पोटं शाईने भरल्यासारखी होतात.

फाइलींची नावं आणि पत्ते मात्र इंग्रजी छोट्या अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. मराठी नाव चालत नाही असं नव्हे, पण पत्ता कॉपी करून पाठवला की बहुतेक वेळा तो टक्क्यांच्या खुणांत उलगडतो. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, आणि प्रत्येक बाइटाला टक्का धरून तीन खुणा, म्हणजे चिन्हामागे नऊ. "मराठी" ह्या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणजे पंचेचाळीस खुणांचं शेपूट. व्हॉट्सॲपवर असा पत्ता आला की लोकांना फसवणुकीचा वास येतो.

दिसण्यासाठी मोजकंच

सीएसएस ही वेगळी फाइल करा आणि हेडमधून जोडा. सुरुवातीला बॉडीला चारच गोष्टी सांगा: जास्तीत जास्त रुंदी ३६ ईएम (ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप), डावी-उजवी मार्जिन ऑटो, आत १ ईएमची पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, आणि लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.७. एवढ्याने पान फोनवर आणि मोठ्या स्क्रीनवर दोन्हीकडे माणसात येतं. रुंदी आवरल्यामुळे ओळीत बारा-तेरा शब्द राहतात आणि नजर पुढच्या ओळीवर बरोबर परतते.

१.७ हा आकडा इंग्रजी पानांना सैल वाटेल. देवनागरीला तो लागतो. आमच्या ओळीवर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, ओळीखाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीत "उत्स्फूर्तपणे" आणि त्याच्या बरोबर खाली "ग्रंथालयांची" आलं की घट्ट ओळींत दोघांची झटापट होते. अक्षराचा आकारही १६ पिक्सेलांऐवजी १८च्या आसपास घ्या. मात्रा-उकारांना जागा सोडायची म्हणून त्याच मापात देवनागरीचं मूळ अक्षर लहान पडतं.

काही सजावटी इंग्रजीकडून आलेल्या आहेत, त्या उचलू नका. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि मथळा "वा च ना ल य" असा दात पडल्यासारखा दिसतो. तिरपी अक्षरं आपल्या बहुतेक फाँटांत नसतातच, ब्राउझर उभ्या अक्षराला धक्का देऊन तिरपं करतो. भर द्यायचा तर ठळक करा. अधोरेखा दुव्यांना हवी, पण ती उकारांना चिकटते. टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट नावाच्या गुणधर्माने ती थोडी खाली सरकवा. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह डीटीपीवाल्यांना फार. फोनच्या अरुंद ओळीत लांबलचक मराठी शब्द असले की मधे भगदाडं पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडून मोकळं, असंच राहू द्या.

रंगांवर वाद होतोच. भगव्या अक्षरांत मथळे हवेत ही मागणी जवळजवळ प्रत्येक संस्थेकडून येते. मी मोजून दाखवते. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ ला १ एवढा उठाव (कॉन्ट्रास्ट) लागतो, मोठ्या मथळ्यांना ३ ला १. पांढऱ्यावर नेहमीचा उजळ केशरी जेमतेम २.१ भरतो. हाच भगवा पट्टी म्हणून मागे घ्या आणि वर काळी अक्षरं लिहा, मग तो दिमाखात चालतो आणि संस्थाही खूश. फिकट करड्या अक्षरांची फॅशनही अशीच घात करते. सीएसएसमध्ये रंग सहा खुणांच्या सांकेतिक क्रमांकाने सांगता येतो. त्यात सात हा अंक सहा वेळा लिहून जो करडा मिळतो तो ४.४८ वर अडतो. किंचित गडद, म्हणजे सात-सहा, सात-सहा, सात-सहा केला की ४.५४ होऊन पास. मोजायला ब्राउझरमध्येच एफ-१२ दाबून रंगाच्या चौकटीवर टिचकी मारा, आकडा तिथेच मिळतो.

फोटो

फोनने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. ह्या लेखाएवढा मराठी मजकूर पन्नास केबीच्या आसपास. म्हणजे एक न कापलेला फोटो साठ-सत्तर लेखांना भारी. १२०० पिक्सेल रुंदीला आणा, वेबपी किंवा जेपेग करा, दोनशे केबीच्या आसपास बसवा. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच हे करून देतं. इमेज टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो उतरेपर्यंत मजकूर वाचता वाचता खाली उडी मारतो. त्याच टॅगमध्ये ऑल्ट, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठीचा मजकूर. त्यात चित्रात काय आहे ते लिहा: "वाचनालयाची दुमजली इमारत, दारात सायकली". "फोटो १" असं नको.

आणि पोस्टर. दिवाळी अंक योजनेचं पोस्टर कुणीतरी सुंदर करून व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि तेच चित्र पानावर टाकायचं ठरतं. त्यातली वर्गणी, मुदत, अंकांची यादी गूगलला वाचायची म्हटलं तरी भरवसा नाही, टॉकबॅकला अवघड, आणि फोनवर चिमटीने ओढून वाचावी लागते. पोस्टर हौसेने ठेवा, पण त्यातला शब्द न् शब्द खाली मजकूर म्हणून लिहा. पानाचा दुवा व्हॉट्सॲपवर टाकल्यावर शीर्षक आणि चित्र दिसावं यासाठी हेडमध्ये ओजी टायटल, ओजी डिस्क्रिप्शन आणि ओजी इमेज ह्या तीन ओळी घाला. गावात पान पसरतं ते गूगलवरून कमी आणि व्हॉट्सॲपवरून जास्त, तेव्हा ह्या तीन ओळींना आळस नको.

चढवायच्या आधी आणि नंतर

वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या तपासनीसात फाइल टाका. न मिटवलेला टॅग, दोनदा आलेली ओळख (आयडी), असलं सगळं तो ओळ क्रमांकासह सांगतो. शब्द इंग्रजी असतात, घाबरू नका, वरची पहिली चूक दुरुस्त केली की खालच्या पाच आपोआप जातात. मग फायरफॉक्समध्ये पान उघडून व्ह्यू, पेज स्टाइल, नो स्टाइल असं करा. सगळी सजावट उतरते. उरलेलं पान वरून खाली वाचून समजलं तर रचना ठीक. त्यानंतर फोनवर टॉकबॅक लावा, डोळे मिटा आणि वर्गणी किती ते शोधा. हे प्रत्येक शिकणाऱ्याकडून मी करवूनच घेते, आणि त्यानंतर मथळ्यांच्या टॅगांबद्दल मला पुन्हा बोलावं लागत नाही. शेवटी जी माणसं पान वापरणार त्यांच्यातल्या कुणाच्या तरी हातात फोन द्या आणि गप्प बसा. आमच्या पानावर एका आजींनी "अनामत" सापडेना म्हणून विचारलं, "डिपॉझिट कुठे लिहिलंय?" आता मथळा आहे "वर्गणी आणि अनामत (डिपॉझिट)".

जागा फुकट मिळते. गिटहब पेजेस किंवा निओसिटीज, दोन्हींवर असलं साधं पान पैसे न देता राहतं. तांत्रिक पायऱ्या त्यांच्याच मदतपानांवर आहेत, त्या इथे लिहून उद्या शिळ्या होतील. पुढचं शिकायला एमडीएन हे संदर्भस्थळ. इंग्रजीत आहे, पण नेमकं आहे आणि फुकट आहे. मूळ फाइलींची प्रत संस्थेच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवाच. जिओसिटीज ह्या अशाच फुकट जागेवर लाखो लोकांची पानं होती. २००९ मध्ये याहूने ते बंद केलं आणि ज्यांच्याकडे प्रत नव्हती त्यांची पानं हातची गेली.

पानाच्या तळाशी "शेवटचा बदल" म्हणून तारीख लिहा आणि मजकुरातली प्रत्येक मुदतीची गोष्ट वहीत वेगळी टिपून ठेवा. दिवाळी अंक योजना संपली की तो विभाग काढायचा, सुट्ट्यांची यादी दरवर्षी बदलायची, विश्वस्त मंडळ निवडणुकीनंतर. हे काम कोण करणार ते नावानिशी ठरवा. खातं संस्थेच्या ईमेलवर काढा. ज्या मुलाने पान केलं त्याच्या स्वतःच्या ईमेलवर काढलंत तर तो नोकरीला पुण्याला जाईल आणि सोमवारची सुट्टी शुक्रवारी झाली तरी पान सोमवारच सांगत राहील.